टनिक्लिफच्या रेकॉर्डविषयी मंडळाचं मत

मॅल्कम पार्जेटरनं आयुष्यात दोनच धाडसं केली. एकविसाव्या वर्षी त्यानं एका रेकॉर्डवर ती न ऐकताच अभिप्राय लिहिला, आणि शहात्तराव्या वर्षी त्याच रेकॉर्डवर नऊ जणांचे अभिप्राय, त्यांना ती ऐकवून, लिहून घेतले. तुम्ही म्हणाल, दुसऱ्यात धाडस कसलं? तो तर सरळमार्ग! मॅल्कमलाही अगदी तसंच वाटलं होतं.

रेकॉर्डचं नाव 'चिलब्लेन ब्लूज'. थंडीनं पायाची बोटं सुजून जी खाज सुटते ती चिलब्लेन. एकोणीसशे एकोणसत्तर साली इंग्लंडमधल्या आमच्या ओकरशॉ गावात त्याहून मोठं दुःख कुणाला ठाऊक नव्हतं. गाणारा रॉय टनिक्लिफ, मासेवाल्याचा मुलगा आणि मॅल्कमचा लंगोटीयार. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी, आणि त्या काळी गावातला दर दुसरा पोरगा मिसिसिपीच्या काठी जन्मल्यासारखा कण्हत असायचा. कापसाच्या मळ्यातले हाल रॉय इतक्या पोटतिडकीनं गायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं पोरगा जन्मभर वेचणीलाच होता. कापूस त्यानं पाहिला होता तो गावच्या गिरणीतल्या मोज्यांत.

मॅल्कम तेव्हा गावच्या साप्ताहिकात नव्या रेकॉर्डांवर चार-चार ओळी खरडायचा. मित्राची रेकॉर्ड हातात पडली ती बुधवारी दुपारी. अंक छापायला जायचा बुधवारी संध्याकाळी, आणि घरच्या ग्रामोफोनची सुई तुटलेली. मग त्यानं कव्हर पाहिलं. कव्हरवर रॉय भर पावसात बसथांब्यावर उभा राहून मनगटावरच्या घड्याळात बघत होता. मॅल्कमनं लिहिलं, 'श्री. टनिक्लिफ इतक्या घाईनं गातात, की घरी त्यांचा चहा निवत असावा.' वाक्य त्याला स्वतःला फार आवडलं. संपादकांनाही आवडलं. रॉयला आवडलं नाही. त्यानं गिटार विकली, नळदुरुस्तीची हत्यारं घेतली आणि मॅल्कमशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

पंचावन्न वर्षं! आणि राहायला दोघं एकाच गल्लीत, मध्ये फक्त चार घरं. नाताळला एकमेकांकडे कार्डं जायची, पण त्यांवर सह्या बायकांच्या. मॅल्कमच्या घरचा पाइप फुटला तर प्लंबर शेजारच्या गावाहून यायचा. या फेब्रुवारीत रॉयची बायको जीन गेली. मॅल्कम अंत्यविधीला गेला खरा, पण छत्र्या ठेवतात त्या कोपऱ्यात उभा राहून तसाच परत आला. तेव्हापासून रॉयच्या खिडकीचा पडदा दिवसाही अर्धाच उघडलेला असायचा, आणि पाव आणायला जाताना मॅल्कमला रोज तो बघावा लागायचा. दोघांपैकी कुणीतरी जाण्याआधी हे मिटलं पाहिजे, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घोळायला लागला. त्यानं ती रेकॉर्ड कधी ऐकलीच नव्हती, ही गोष्ट मात्र त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. हातातली प्रत साप्ताहिकाला परत गेली, नंतर तीनशेच प्रती खपून ती बाजारातून गेली, आणि ऐकायची राहिली ती राहिलीच.

अशात जूनमध्ये लंडनच्या एका चिमुकल्या कंपनीनं 'चिलब्लेन ब्लूज' पुन्हा काढली. पेपरातली बातमी मॅल्कमनं बायकोला, डोरीनला, मोठ्यानं वाचून दाखवली.

"मग जा की," डोरीन शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाली. "चार घरं तर आहेत. दार वाजव, चुकलो म्हण, आणि येताना कोबी घेऊन ये."

"असा कसा जाऊ? काही निमित्त नको?"

"पंचावन्न वर्षं कमी पडतात का निमित्ताला?"

"डोरीन, कारण नसताना माणूस दारात उभा राहिला, की लोकांना वाटतं डॉक्टरांनी त्याला मुदत दिलीय."

डोरीननं पेन्सिल खाली ठेवली आणि नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली की बायका बोलण्याऐवजी असं बघतात. त्यापेक्षा बोलणं परवडतं.

निमित्त पुरवलं शेजारच्या केनेथ ब्लडवर्थनं. केनेथ हा निवृत्त मोटार-शिक्षक. कुंपणाच्या झुडपांवरून सल्ला देताना त्याचा उजवा पाय अजूनही ब्रेक दाबत असतो. तो म्हणाला, "अरे, लोकांनी इंटरनेटवर मतं लिहिली असतील बघ. चांगली चांगली निवड, छाप आणि दे नेऊन. तुझ्या एका वाईट मतावर शंभर चांगली. हिशेब संपला."

मॅल्कमनं रात्री जेवणाआधी ती मतं उघडली आणि जेवणानंतर मिटली. तेवढ्या वेळात त्याचं डोकं पार भंजाळलं. एकानं लिहिलं होतं, 'जुन्या प्रतीत ढोलवाल्याच्या स्टुलाची करकर ऐकू यायची. नव्या प्रतीत करकर साफ केली आहे. ब्लूजचा आत्माच काढून घेतला.' त्याच्याखाली दुसरा म्हणत होता, 'करकर आहे, तुमचे कान साफ करा.' तिसऱ्याकडे या रेकॉर्डच्या पाच प्रती होत्या, ही सहावी सर्वांत वाईट होती आणि प्रत्येकानं ती घ्यावीच असं त्याचं कळकळीचं सांगणं होतं. एकानं पाचपैकी एकच तारा दिला होता, कारण खोकं भिजून आलं. आणि एका गृहस्थानं दोन पानं भरून सिद्ध केलं होतं, की रॉय टनिक्लिफ हा माणूस नसून दुसऱ्याच एका गायकाचं खोटं नाव आहे. मॅल्कमनं खिडकीतून चार घरं पलीकडे पाहिलं. खोटं नाव कचऱ्याचा डबा बाहेर आणून ठेवत होतं.

परक्यांचं काही खरं नाही, असं मॅल्कमनं ठरवलं. आपली माणसं, आपलं मंडळ. ओकरशॉ ध्वनिमुद्रित संगीत मंडळाचा तो चिटणीस होता. मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी अडीचला चॅपलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, मागच्या सभागृहात भरतं. नऊ सभासद, सरासरी वय अठ्ठ्याहत्तर, मध्यंतरात चहा. मंडळानं रेकॉर्ड ऐकायची, रीतसर मत द्यायचं, मॅल्कमनं ते टाइप करून रॉयला पोचतं करायचं. यात चूक व्हायला जागाच नव्हती.

अध्यक्षा ऑड्री फॅनशॉ या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर ठराव न मांडता शिंकायलाही लोक बिचकतात. त्या म्हणाल्या, "मिस्टर पार्जेटर, मंडळानं गाणं ऐकणं वेगळं आणि मंडळाला मत असणं वेगळं. त्र्याहत्तर वर्षांत मंडळाला मत झालेलं नाही. अनुमोदक कोण?" अनुमोदक मिळाला. मग छापील नमुना आला : नाव, आसन क्रमांक, दहापैकी गुण, शेरा. मग त्यातला आसन क्रमांक ठेवावा की काढावा यावर मतदान झालं आणि ते चार विरुद्ध चार असं अडकलं, कारण नवव्या सभासद चहा ओतत होत्या.

त्यातच चॅपलनं कळवलं, की नेहमीच्या कार्यक्रमाव्यतिरिक्त काही करायचं असेल तर धोक्यांचं पत्रक भरून द्या. 'ब्लूज ऐकताना संभवणारे धोके' या रकान्यासमोर मॅल्कम तासभर बसला. शेवटी त्यानं 'खिन्नता' असं लिहिलं. पत्रक परत आलं : 'खिन्नता टाळण्यासाठी काय उपाययोजना केली आहे?' मॅल्कमनं लिहिलं, 'बिस्किटं.' मंजुरी आली.

रेकॉर्ड आली तेव्हा आत एकाऐवजी दोन तबकड्या निघाल्या. एका रेकॉर्डच्या दोन कशा, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. नव्या जमान्यात सगळं थोडं जास्तच देतात. मंडळाचा ग्रामोफोन गेली चाळीस वर्षं सिरिल हॉब्डे यांच्या ताब्यात होता, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियमच आहे, क्रमांक नऊ. सिरिल चौऱ्याऐंशीचे. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पंधरा दिवसांपूर्वी झाली होती आणि दुसऱ्याची व्हायची होती. त्यांनी तबकडी फुंकली, सवयीच्या खटक्यावर सवयीचं बोट ठेवलं आणि सुई टेकवली.

पहिलं गाणं सुरू झालं. म्हणजे सुरू झालं असावं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी एकेक बूट सावकाश खाली टाकावा तसा ढोल वाजू लागला. मग आवाज आला. हा आवाज माणसाचा होता की तळघराचा? एक ओळ गाऊन गायक थांबायचा, आणि पुढची येईपर्यंत आपली ट्रेनची वेळ झाली की काय असं वाटायचं. मॅल्कमनं कानातलं यंत्र काढलं, त्याची बॅटरी बदलली, पुन्हा घातलं. आवाज तेवढाच खोल. त्यानं चोरून आजूबाजूला पाहिलं. सगळे चॅपलमध्ये प्रवचन ऐकताना बसतात तसे ताठ बसले होते. ऑड्रीबाईंचे डोळे मिटलेले होते. म्हणजे हे असंच असतं तर!

आणि मग मॅल्कमला रडूच कोसळलं. वीस वर्षांचा पोरगा एवढं संथ, एवढं जड गायला, आणि आपण काय लिहिलं? घाई! या गाण्यात तर चहा निवून, सांडून, वाळून गेला असता! तो रुमालात नाक खुपसून हुंदके द्यायला लागला. शेजारच्या इडिथ प्रूइट बाईंनी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी धरली.

मतं गोळा झाली ती अशी. ऑड्री फॅनशॉ, नऊ गुण : 'प्रत्येक शब्द पचवायला पुरेसा वेळ मिळाला. शब्द पचण्यासारखे नसल्याबद्दल एक गुण कापला.' इडिथ प्रूइट, दहा : 'आपली सगळी माणसं पुरून आलेल्या माणसाचं वजन या आवाजात आहे.' त्यांची बहीण नोरा, दहा : 'माझ्या स्वेटरची एक बाही पूर्ण झाली. फार शांत.' निवृत्त बसचालक गॉर्डन शिप्ली, आठ : 'धुक्यात निघालेलं जुनं जहाज.' सिरिल हॉब्डे : 'यंत्र उत्तम चाललं.' बाकीच्यांनी कुणाकुणाचं बघून आठ दिले. मॅल्कमनं सगळं टाइप केलं, वर मंडळाचा शिक्का मारला आणि स्वतःची चिठ्ठी जोडली : 'रॉय, तू घाई करत नव्हतास. काल मी स्वतः ऐकलं. चूक माझी. मॅल्कम.' शुक्रवारी सकाळी पाव आणायला जाताना त्यानं लिफाफा रॉयच्या दाराच्या टपालफटीतून आत सोडला. परत येताना तो चक्क शीळ घालत होता. डोरीननं घड्याळ पाहिलं आणि त्याला बरं आहे ना असं विचारलं.

अकरा वाजता केनेथ आला. त्यानं रेकॉर्ड बघायला मागितली आणि खिडकीत जाऊन लेबल वाचायला लागला. नको ते बारीक अक्षर वाचायची त्याला जन्मखोड.

"झकास! पंचेचाळीस फेऱ्यांची काढलीय म्हणजे. आवाज जास्त खुलतो म्हणतात. पण जागा जास्त खाते, म्हणूनच दोन तबकड्या."

"कसले पंचेचाळीस?" मॅल्कम म्हणाला.

"मिनिटाला. हे काय लिहिलंय! तुम्ही पंचेचाळीसवरच लावलीत ना? की त्या म्हाताऱ्यानं नेहमीसारखी तेहतीसवर? मग गाणं रांगतच आलं असणार, आणि आवाज विहिरीतून!"

मॅल्कमनं त्याच्या हातून तबकडी घेतली आणि लेबल स्वतः वाचलं. ढोल, बूट, तळघर, जहाज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि तेही तेहतीस फेऱ्यांनीच गेलं. ज्या माणसाला आपण एकदा लेखी टोमणा मारला, त्याला पंचावन्न वर्षांनी, बायको जाऊन पाच महिने होतात न होतात तोच, नऊ जणांच्या सह्यांनिशी आणि शिक्का मारून दुसरा टोमणा पोचता केला! तू घाई करत नव्हतास म्हणे! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आणि मारुतीच्या शेपटीला आपल्याच हातानं चूड लावली.

त्यानं ऑड्रीबाईंना फोन केला.

"चुकीच्या वेगानं? ते तर मी पहिल्या मिनिटालाच ओळखलं," ऑड्रीबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"सिरिलचा डोळा, मिस्टर पार्जेटर! नुकती शस्त्रक्रिया झालेली. चारचौघांत बरं दिसलं असतं का?"

"पण तुम्ही नऊ गुण दिलेत!"

"ते मी वेगाला दिलेले नाहीत." आणि मंडळाचं मत एकदा नोंदलं गेलं की ते मार्चच्या वार्षिक सभेपर्यंत मागे घेता येत नाही, नियम चौदा, हेही त्यांनी सांगितलं.

इडिथबाईंनाही कळलं होतं, पण इतर कुणी काही म्हणेना, तेव्हा त्यांना वाटलं आपलंच वय झालं. गॉर्डन शिप्लीला कळलं होतं, पण अध्यक्षांच्या आधी कसं बोलायचं? नोराबाईंना कळलं नव्हतं आणि त्यांना आता कळून घ्यायचंही नव्हतं; त्यांची दुसरी बाही राहिली होती. शेवटी सिरिल. ते आधी म्हणाले, यंत्रानं चूक केली असेल, त्यांनी नाही. मग म्हणाले, "खरं सांगू का, बदका?" आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना मायेनं बदकच म्हणतात. "त्या वेगात मला बरं वाटलं रे. अलीकडे सगळंच फार पळतंय."

मॅल्कमला आता काहीच कळेनासं झालं. ज्यांना चूक कळली होती त्यांनी मनापासून गुण दिले होते, आणि ज्यांना कळली नव्हती त्यांचं समाधान झालं होतं. खरं मत कुठलं? आणि आपण रडलो, ते कशाला? ग्रामोफोनच्या खटक्याला? एक मात्र नक्की, लिफाफा परत आणायचा. शुक्रवारी बाराला रॉय तळलेला मासा आणि बटाटे आणायला बाहेर पडतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी मॅल्कम रॉयच्या दाराशी होता. पडदा अर्धा, घर शांत. त्यानं टपालफटीचं झाकण आत ढकललं, हात घातला आणि पायपुसणं चाचपायला लागला. बोटांना काही लागेना, म्हणून अजून आत घातला. परत ओढताना झाकणाच्या स्प्रिंगनं घड्याळाचा पट्टा पकडला आणि हात मनगटाशी गच्च अडकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते काही उगीच नाही.

"लिफाफा टेबलावर आहे," दाराच्या आतून आवाज आला.

पंचावन्न वर्षांनी कानावर पडलेले रॉयचे हे पहिले शब्द. मॅल्कमचा हात आत आणि बाकीचा मॅल्कम बाहेर.

"रॉय? तू मासा आणायला गेला नाहीस?"

"वाचत होतो." आत कागदाची सळसळ झाली. "'धुक्यात निघालेलं जुनं जहाज.' हा शिप्ली कोण? बसवाला? 'आपली सगळी माणसं पुरून आलेल्या माणसाचं वजन.' मी वीस वर्षांचा होतो रे मॅल्कम. तोवर मी एक ससा पुरला होता."

"रॉय, ऐक, तो वेग..."

पण तेवढ्यात केनेथ रस्ता ओलांडून आला. अडकलेला माणूस बघून त्याला कोण उत्साह चढला! "मनगट सैल सोड! ओढू नको, आधी आत ढकल, मग हळूच मागे घे. लोणी आणू का? डोरीनला बोलावू?" समोरून जाणाऱ्या नोराबाई लोकर सांभाळत थांबल्या आणि साबण बरा की लोणी यावर त्यांनीही आपलं मत दिलं. मॅल्कमला त्या क्षणी जगातल्या कुठल्याही मताचा वीट आला होता.

"केनेथ, घरी जा," आतून रॉय म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण केनेथ गेला. नोराबाईही गेल्या, मागे वळून बघत बघत.

"हं, बोल," रॉय म्हणाला.

मॅल्कमनं दाराच्या रंगाकडे तोंड करून सगळं सांगितलं. सिरिलचा डोळा, तेहतीस, पंचेचाळीस, ऑड्रीबाईंचा नियम. "तुझी टिंगल करायची नव्हती, देवाशपथ. बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं. जीन गेली तेव्हाही मी आलो होतो."

"पाहिलं. छत्र्यांत उभा होतास." "मॅल्कम, ही मतं मी आता केराच्या टोपलीत टाकणार आहे. तुला सांगू? तेव्हासुद्धा लंडनच्या एका मोठ्या पेपरात एकानं माझं कौतुक केलं होतं. मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हटलं, तो परका, त्याचं काय जातंय गोड बोलायला! तू मला ओळखत होतास. तू म्हणालास घाई करतो, म्हणजे करत असणार. तू आपल्या माणसाला तोंडावर खरं सांगितलंस. मला राग आला तो याचा, की तू खरं बोललास."

इथे गप्प बसलं असतं तर सगळं मिटलं असतं. दार उघडलं असतं, साबण आला असता, शुक्रवारचा मासा दोघांनी मिळून खाल्ला असता. पंचावन्न वर्षांत एवढा सोपा क्षण त्याला मिळाला नव्हता. त्यानं कपाळ दाराला टेकवलं.

"मी ऐकलीच नव्हती, रॉय."

"काय?"

"तुझी रेकॉर्ड. सुई तुटली होती. बुधवार होता. मी कव्हर बघून लिहिलं. तू घड्याळात बघत होतास."

आत पावलं वाजली. मग अगदी जवळून, दाराला लागूनच आवाज आला.

"फोटोवाल्यानं सांगितलं होतं बघायला. घड्याळही त्याचंच होतं."

"हं."

"मी गिटार विकली, मॅल्कम."

"माहीत आहे."

"कव्हरवरून?"

"हो," मॅल्कम म्हणाला.

दार उघडलं. दार आत उघडणारं, त्यामुळे त्याच्यामागून मॅल्कमही फरफटत आत गेला आणि भिंतीशी जाऊन थांबला. समोर रॉय उभा. केस गेलेले, चष्मा नाकावर आलेला, स्वेटरची बटणं एकाखाली एक चुकलेली. जीन असती तर चुकली नसती. रॉयनं त्याच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि स्वयंपाकघरातून खुर्ची आणून त्याच्या मागे ठेवली. मग खोलीत जाऊन तो कंपनीनं पाठवलेली रेकॉर्ड घेऊन आला. तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"मीही नाही ऐकली तेव्हापासून. जीन म्हणायची, एकदा लाव ना, मी होते की रेकॉर्डिंगच्या वेळी मागच्या बाकावर बसलेली. मी म्हणायचो, घाईत गायलेलं काय ऐकायचं?" त्यानं नळदुरुस्तीच्या चाकूनं प्लास्टिक कापलं, लेबल नाकाशी धरून वाचलं आणि खोलीतल्या ग्रामोफोनचा खटका ठाक् करून पंचेचाळीसवर सरकवला. "आता ऐक. चारी बाजू. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही."

"उठणार कसा?"

"बोलायचं नाही म्हटलं ना?"

रॉय जिन्याच्या पायरीवर पाठ करून बसला. गाणं सुरू झालं. आवाज पातळ होता, कोवळा होता, कुठे कुठे फाटत होता. मासेबाजारात सकाळी सहाला हाका मारून बसलेला तोच आवाज. मॅल्कमनं तो लगेच ओळखला. काही ओळी पुढे पळत होत्या. पळत होत्या की त्यांना तसंच जायचं होतं? तिसऱ्या गाण्यात ढोलवाल्याचं स्टूल करकरलं. चौथं गाणं वाईट होतं. की चौथंच सगळ्यांत चांगलं होतं? एका जागी रॉय हसला होता, गाताना, बहुधा मागच्या बाकाकडे बघून, आणि ते हसू तसंच रेकॉर्डमध्ये राहिलं होतं. पायरीवर बसलेल्या रॉयचे खांदे तेव्हा हलले. बाजू संपली की तो उठायचा, पालटायचा आणि पुन्हा पाठ करून बसायचा.

चौथी बाजू संपली. सुई नुसतीच घासत राहिली. रॉयनं ती उचलली, स्वयंपाकघरात गेला आणि भांडी घासायच्या साबणाची बाटली घेऊन मॅल्कमपुढे उभा राहिला.

"बोल," तो म्हणाला. "आता ऐकलीस ना? काय वाटलं?"

मॅल्कमनं तोंड उघडलं. जन्मभर त्यानं मतं दिली होती, मागितली होती, टाइप केली होती. आता त्यानं आत खूप शोधलं, आणि एक धड वाक्य हाताला लागेना. चांगलं? हो. घाई? असेल. आणि ते हसू? त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं? रॉय वाट बघत होता.

"मला कळलं नाही रे," मॅल्कम म्हणाला. "खरंच नाही कळलं. पुन्हा लाव."

रॉयनं बाटलीचं झाकण उघडलं.

"आधी हात सोडवू?"

"राहू दे हात. तू लाव."

रॉयनं साबणाची बाटली जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि तो पहिली बाजू लावायला आत गेला.